आहेरात आलेला कॉम्प्युटर

…आणि वर आहेर देणारे पाहुणे मलाच विचारतात, "दाजी, आम्हना पंखा कोठे शे?" आता काय सांगायचं? तुम्हाला सांगतो, माणसानं कॉम्प्युटर विकत घ्यावा, हप्त्यावर घ्यावा, अगदी कुणाचा मोडका उचलून आणावा, पण आहेरात घेऊ नये. माझा आहेरात आलाय. अर्धाच आलाय, पण आलाय. आणि आहेराला नाव ठेवायचं नसतं, म्हणून मी गप्प आहे. गप्प म्हणजे तुमच्यापुढंच बोलतोय, घरी गप्प आहे.

मी अभिमन पाटील. एकतीस वर्षं एसटीचा ड्रायव्हर. धुळे-जळगाव, जळगाव-पहूर, शिरपूरच्या पुढं सातपुड्यातली गावं… खांदेशातला एक खड्डा असा नाही की ज्यानं मला ओळख दिली नाही. आणि एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, एकतीस वर्षांत कंडक्टरच्या सीटवर मी एकदाही बसलो नाही. गाडी उभी असली तरी नाही. ड्रायव्हर तो ड्रायव्हर, त्याची जागा ती त्याची जागा. कंडक्टर चांगली माणसं असतात, माझं काही म्हणणं नाही, पण घंटी मारणं आणि गाडी मारणं यात काही फरक आहे की नाही?

तर फेब्रुवारीअखेर रिटायर झालो. पहिले आठ दिवस लई बरं वाटलं. नवव्या दिवशी सकाळी सोफ्यावर बसलो होतो, पेपर वाचत होतो, तर बायको म्हणते, "तुम्हना डावा पाय काबर हाली राहिना?" का हलतोय म्हणून बघतो तर काय, डावा पाय क्लच मारत होता! आपोआप! जेवायला बसलो आणि वरणातला पळा हातात आला रे आला, की मी तो पहिल्या गिअरमधून दुसऱ्यात टाकायचो. रिक्षात बसलो की ब्रेक मीच दाबायचो, रिक्षावाला कधी वेळेवर दाबायचा नाही. हसू नका. मला वाईट वाटायचं. एकतीस वर्षं जे हात-पाय आपले म्हणून सांभाळले ते गाडीचे निघाले, आणि गाडी तर डेपोत राहिली.

मग एक दिवस कामिनीनं, म्हणजे धुळ्याला दिलेल्या माझ्या पोरीनं, मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला. कॉम्प्युटरचा गेम. आणि त्या गेममध्ये काय असावं? आपली लाल गाडी! कुणातरी पठ्ठ्यानं बसून हुबेहूब बनवली होती… तीच बोनेटची थरथर, तोच दाराचा खडखडाट, मागच्या काचेवर तीच धूळ. समोर घाट, वळण, उतार. मी तो व्हिडिओ सात वेळा पाहिला. आठव्या वेळी कामिनी म्हणाली, "पप्पा, हे मोबाईलवर नाही चालायचं. याला गेमिंग कॉम्प्युटर लागतो. पार्ट-पार्ट आणून जोडला तर स्वस्तात पडतो. स्टिअरिंग आणि पेडल माझ्याकडून." मी म्हटलं, बरं.

बायकोनं फंडातून चाळीस हजार मंजूर केले. त्यावर एक रुपया नाही, असं तिनं दोनदा सांगितलं, आणि तिनं दोनदा सांगितलं की विषय संपतो. आता चाळीसमध्ये सगळं बसेना. तेव्हा कामिनीच्या डोक्यात ती कल्पना आली. पोरगी हुशार आहे, पण हुशार माणसाची चूकसुद्धा मोठी असते. ती म्हणाली, "पप्पा, तुमच्या सेवापूर्तीच्या कार्यक्रमाला लोक काय आणणार? टॉवेल-टोपी, शाल, भिंतीवरचं घड्याळ. त्यापेक्षा आपण ग्रुपवर पार्टची यादी टाकू. ज्याला जे जमेल त्यानं तो पार्ट आहेर म्हणून द्यावा."

तुम्हाला सांगतो, तिथंच मी ब्रेक दाबायला पाहिजे होता. कारण आमच्याकडं आहेर म्हणजे काय असतं? वस्तू नसते ती. मान असतो. माईकवर नाव घेतात, गावाचं नाव घेतात, वस्तू उंच धरून चार दिशांना दाखवतात. आमच्याकडं मान हा कायद्याच्या वर असतो. जावयाच्या पानात वाढल्याशिवाय कुणी घास उचलायचा नाही, व्याह्याच्या आधी कुणी खुर्चीवर टेकायचं नाही. आणि अशा लोकांसमोर पोरगी यादी टाकते… प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, पॉवर सप्लाय. मी म्हटलं, बरं.

कार्यक्रम झाला. जळगावला आमच्या मेहरूणमध्येच हॉल घेतला होता. माईकवाल्यानं सुरुवात केली. "शिरपूरचे व्याही, रुपचंद आबा यांच्याकडून अभिमनभाऊंना… सहा पंखे!" टाळ्या. कॉम्प्युटरच्या आत बसवायचे पंखे बरं का, तळहाताएवढे, पण रंगीत लाइटवाले. आबांनी तिथंच मोबाईलच्या चार्जिंगच्या डब्यावर एक लावून दाखवला. लाल, हिरवा, निळा. नंतर मला बाजूला घेऊन म्हणाले, "आम्हना घरना आहेर गुपचूप नही ऱ्हास भाऊ, दिसाले जोयजे." मी म्हटलं, बरं.

इकडं पहूरचा नथ्थू अस्वस्थ. नथ्थू म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. तो ठरवून आला होता रॅम द्यायला, हे मला नंतर कळलं. पण व्याह्यांचे सहा पंखे स्टेजवर लखलखताना पाहिले आणि त्याला आपली रॅमची पट्टी कंगव्याएवढी वाटायला लागली. तो गेला मोटारसायकल काढून बाजारात, रॅम परत केली, आणि भाषणं संपायच्या आत पाच पंखे घेऊन हजर. "दाजी, व्याहीस्ना सहा, तं मना पाच तरी जोयजेत." सहा नि पाच किती? अकरा. अकरा पंखे, आणि फिरवायला अजून कॉम्प्युटर नाही.

जावईबापू स्वप्नील, धुळ्याला बँकेत असतात. त्यांनी दिलं कॅबिनेट, म्हणजे ज्या पेटीत हे सगळं बसतं ती पेटी. एका बाजूनं पूर्ण काच. काच का? तर आतले लाइट दिसायला. मावसबहिणीनं कीबोर्ड दिला, तोही पेटतो. डेपोतल्या मंडळींनी वर्गणी काढून मॉनिटर दिला, देव त्यांचं भलं करो, कामापुरती पेटणारी वस्तू देणारी तेवढीच माणसं. आणि प्रोसेसर? कुणी दिला नाही. प्रोसेसर म्हणजे इंजिन, पण दिसायला कसा असतो, तर पार्ले बिस्किटाच्या अर्ध्या तुकड्याएवढा. तो माईकवर उंच धरून काय दाखवणार? पॉवर सप्लाय कुणी दिला नाही. तो एक काळा पत्र्याचा डबा असतो, खाली कोपऱ्यात बसतो, वर झाकण लागतं, जन्मभर कुणाला दिसत नाही. सगळ्यांना वीज तोच पुरवतो आणि त्याच्या गळ्यात हार कुणी घालत नाही. मला त्या डब्याबद्दल तेव्हाच आपुलकी वाटायला लागली.

तर आता उरलेलं सगळं चाळीस हजारांत, आणि ते निवडायचं कुणी? मी. चाललो सारिकाच्या दुकानात. बाजारात कॉम्प्युटरची शंभर दुकानं आहेत, पण ही पोरगी स्वतः हातानं जोडते आणि तोंडावर खरं बोलते. मी तिला म्हटलं, "पोरी, मला घाट चढायचाय, शर्यत नाही लावायची. गाडी धापा टाकायला नको, एवढंच बघ." तिला पटलं. तिनं एक प्रोसेसर काढून ठेवला, मी हो म्हणणार, तेवढ्यात जावईबापूंचा व्हिडिओ कॉल. "पप्पा, हा नका घेऊ. हा मागच्या पिढीचा आहे." मी म्हटलं, मीसुद्धा मागच्या पिढीचाच आहे. तर म्हणतात, "नाही पप्पा, बॉटलनेक होईल." आता हे काय? तर म्हणे प्रोसेसर हळू आणि चित्र दाखवणारं कार्ड जोरात असलं, की कार्डला त्याच्यासाठी थांबून राहावं लागतं. अहो, हे मला सांगताय? एकतीस वर्षं कंडक्टरची तिकिटं फाडून होईपर्यंत थांबलेला माणूस आहे मी.

असे तीन आठवडे. सारिका एक सांगायची, जावई दुसरं सांगायचे, नथ्थू पहूरहून फोन करून विचारायचा, "दाजी, मना पंखा लाग्नात का?" एक व्हिडिओवाला म्हणायचा या कंपनीचं घ्या, दुसरा म्हणायचा त्या कंपनीचं घेणारा मूर्ख. मी रोज सकाळी उठून एक प्रोसेसर ठरवायचो आणि संध्याकाळपर्यंत तो बदलायचा. लग्नाची पोरगी बघताना मला इतका त्रास झाला नव्हता, खरं सांगतो, ती वडिलांनी एकाच चहात ठरवली होती.

शेवटी मीच ठरवलं. मागच्या पिढीचा प्रोसेसर, साधा बोर्ड, रॅम सारिकानं सांगितली तेवढी. पॉवर सप्लायमध्ये मात्र मी काटकसर करू दिली नाही. बरं, ग्राफिक कार्ड. हे खरं महागडं प्रकरण. चित्र हलवतं ते हेच, घाट दाखवतं ते हेच, हे नसलं तर लाल गाडी म्हणजे नुसता लाल ठिपका. नवीन घ्यायची ऐपत नव्हती. सारिकाकडं एक वापरलेलं होतं. मी हातात घेतलं, उलटं केलं, वास घेतला, विचारलं, "किती किलोमीटर फिरलंय?" ती हसली, पण उत्तर दिलं. म्हणाली, "काका, एका कॉलेजच्या पोराचं आहे, दोन वर्षं. मी दोन दिवस चालवून बघितलंय." लांबलचक होतं कार्ड, दणकट. माझं मन बसलं त्याच्यावर. या सगळ्या पसाऱ्यात माझ्या मनानं निवडलेली तेवढी एकच वस्तू.

सारिका म्हणाली, "काका, कॅबिनेटमध्ये मावतंय का ते टेपनं मोजून या." आता इथं माझी चूक झाली, मी कबूल करतो. मी म्हटलं, टेप कशाला? अहो, बाजाराच्या दिवशी दोन्ही बाजूंना भाजीच्या पाट्या असताना बोळातून गाडी काढलेली माणसं आम्ही, एक मेथीची जुडी कधी चिरडली नाही! नजरेनं सांगतो, गाडी निघते की नाही. मी घरी जाऊन कॅबिनेटकडं एक नजर टाकली आणि ठरवलं, निघते.

नाही निघाली. बोटभर अडली. एक बोट! कॅबिनेट रिकामं असतं तर निघाली असती हो, पण पुढच्या तोंडाला व्याह्यांचे तीन पंखे बसवले होते ना, त्यांच्या जाडीनं घात केला. सारिका म्हणाली, "सोप्पं आहे काका, पुढचे तीन पंखे काढून टाका. तसंही एवढ्या पंख्यांची गरजच नाही." मी घरी येऊन हे बायकोला सांगितलं. ती गॅसपाशी होती, वळलीसुद्धा नाही. "आबास्ना पंखा काढाना नही. अखाजीले त्या येतीन, तवय त्यास्ले काय दखाडशात?" अखाजी म्हणजे आमची अक्षय्य तृतीया, त्या दिवशी पाहुणे येणारच. मी म्हटलं, नथ्थूचे काढतो, तिथं आबांचे सरकवतो. तेव्हा वळली. मी म्हटलं, बरं बरं. मग जावयांचं कॅबिनेटच बदलतो? त्यावर तिनं नुसतं पाहिलं. मी म्हटलं, बरं.

आता बघा माझी अवस्था. कार्ड आत घालायचं तर आहेर बाहेर काढायचा, आहेर आत ठेवायचा तर घाट विसरायचा. दोन दिवस त्या कॅबिनेटसमोर बसून होतो. सारिका म्हणाली, छोटं कार्ड घ्या, पण त्यावर गाडी खरखर थांबत-थांबत चालायची. आणि मला तीच गाडी पाहिजे होती… नाही, खरंच सांगतो, मला रडू यायचं बाकी होतं. साठीला आलेला माणूस तीन पंख्यांपायी रडतो, कुणाला सांगणार?

आणि मग एकदम डोक्यात आलं. अहो, आत जागा नसली की आपण काय करतो? टपावर टाकतो! सायकल टपावर, गव्हाचं पोतं टपावर, कोंबड्यांची पाटी टपावर. गेलो सारिकाकडं, म्हटलं, पंखे बाहेरून बांध. ती म्हणाली, "काका, असं कुणी करत नाही." मी म्हटलं, पोरी, असं आम्ही एकतीस वर्षं करत आलोय. तिनं प्लास्टिकच्या पट्ट्यांनी व्याह्यांचे तीन पंखे पुढच्या तोंडावर बाहेरून आवळले, तीन आत होते ते आतच ठेवले, आणि नथ्थूचे पाचही टपावर ओळीनं. कार्ड आत गेलं. अलगद, एखादी गाडी डेपोत लागावी तसं. बटण दाबलं तर सगळं पेटलं, आणि एवढं पेटलं की शेजारच्या द्रौपदाबाई विचारायला आल्या, कुणाचं लग्न ठरलं का म्हणून.

अकरा पंखे भणभणतात. पण हवा कुणाची? जळगावचीच ना? बाहेर पंचेचाळीस असताना अकरा पंखे म्हणजे अकरा ठिकाणांहून पंचेचाळीस. बायकोनं मात्र तिसऱ्याच दिवशी त्याच्यासमोर ज्वारीचे बिबडे, म्हणजे पापड, वाळत घातले. म्हणते गच्चीवर माकडं येतात, इथं बरे वाळतात. मी म्हटलं, बरं.

आणि अखाजीच्या दिवशी सकाळी, पाहुणे यायच्या आधी, मी ती गाडी काढली. बिबड्यांचं ताट बाजूला सरकवलं, स्टिअरिंग टेबलाला आवळलं, पेडलवर पाय ठेवले. चप्पल काढून. लाल गाडी समोर उभी. चावी फिरवली आणि ती थरथर… खोटी आहे हो, मला कळतं, स्पीकरमधून येते. पण डावा पाय गेला क्लचवर, आणि तुम्हाला सांगतो, अडीच महिन्यांत पहिल्यांदा त्या पायाखाली काहीतरी होतं. गाडी धापा न टाकता घाटाला लागली. एक वळण घेतलं, दुसरं घेतलं. हात विसरले नव्हते काही. मी एकटाच हसत होतो. तिसऱ्या वळणावर दाराची बेल वाजली.

सगळे आले. शिरपूरहून आबा, पहूरहून नथ्थू, धुळ्याहून कामिनी आणि जावईबापू. चपला काढायच्या आधी सगळे कॉम्प्युटरसमोर. आबांनी आपले पंखे मोजले, सहा. बाहेर लावलेले पाहून तर खूश झाले, म्हणाले, "आते कसं, रस्तावरथीन दिसस." नथ्थूनं टपावरचे पाच मोजले, मग आबांकडं पाहिलं, मग परत पाच मोजले. जावयांनी काचेला बोट लावून पाहिलं. कुणी विचारलं नाही, की आत कार्ड कोणतं. काळ्या डब्याचं तर नावच नाही.

मग कामिनी म्हणाली, "पप्पा, चालवून दाखवा ना." मी खुर्चीकडं वळलो. खुर्चीच्या पाठीला हातही लावला होता मी. आणि बायको म्हणते, "अहो, पहिले जावईबापूस्ना मान." म्हणजे बघा, बरोबरच होतं तिचं. पानात आधी त्यांना, तर खुर्चीत आधी मला कसं चालेल? सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी म्हटलं, बरं. बसा जावईबापू.

बसले. गाडी पहिल्याच वळणावर दरीत. दुसऱ्यांदा काढली, पुन्हा दरीत. मग आबांचा मान. आबांनी गाडी आयुष्यात पहिल्यांदा धरली होती, पंधराच्या वर गेलीच नाही, आणि रस्त्यात कुणी हात केला की थांबायचे, गेममधली माणसं ती, त्यांनाही थांबायचे. मग नथ्थू. मग परत जावई, कारण आता त्यांना जमायला लागलं होतं. दुपार झाली, खापरावरचे मांडे झाले, जेवणं झाली, पुन्हा सगळे खुर्चीभोवती. मी मागं उभा. डावा पाय फरशीवर क्लच मारतोय. मी हळूच म्हटलं, नथ्थू, एक फेरी मी… तर नथ्थू म्हणतो, "दाजी, तुम्हीन तं जलमभर चालाडी. आते आराम करा ना."

तेवढ्यात गाडी पहिल्यांदाच स्टॉपवर लागली, ती निघेचना. जावई खुर्चीत, मागच्या पलंगावर आबा, नथ्थू, कामिनी, बायको, आणि आवाज ऐकून आलेल्या द्रौपदाबाई, सगळे पुढं तोंड करून ओळीनं बसलेले. आबा वळून मला विचारतात, "अभिमनभाऊ, गाडी काबर निघी नही राहिनी?" मी पाहिलं. दार उघडं होतं गाडीचं. गेममध्ये स्टॉपवर दार उघडलं की ते लागल्याशिवाय आणि घंटी झाल्याशिवाय गाडी हलत नाही, आणि ती दोन्ही बटणं कीबोर्डवर, आणि कीबोर्ड स्टिअरिंगमुळं बाजूला सरकवलेला, माझ्या हाताशी.

एकतीस वर्षं. एकदाही कंडक्टरच्या त्या सीटवर बसलो नव्हतो.

आबा म्हणाले, "भाऊ, घंटी मारा ना."

मी म्हटलं, बरं. आणि दोनदा दाबली.